पत्र्याला वळण लावणारी माणसं

मित्रांनो, आधी एक गंमत करून पाहा. एक संत्रं घ्या आणि वहीतला एक कोरा कागद. या कागदाने संत्रं असं गुंडाळायचं, की कुठे एकसुद्धा सुरकुती दिसता कामा नये. कागद फाडायचा नाही, कापायचा नाही, दुमडायचा नाही. पाच मिनिटं दिली. चला!

जमलं? नाही ना? वाईट वाटून घेऊ नका. मोठमोठ्या नकाशाकारांनाही ते जमलेलं नाही. पृथ्वीचा गोळा सपाट कागदावर उतरवायला गेलं, की कुठेतरी ओढाताण होतेच. म्हणून तर भिंतीवरच्या काही नकाशांत बिचारं ग्रीनलंड उगाचच आफ्रिकेएवढं दिसतं! आता तोच कागद पाण्याच्या पेल्याभोवती गुंडाळा. कसा झटकन बसला! कारण पेला एकाच दिशेला वळलेला आहे. संत्रं मात्र उभंही वळलेलं आणि आडवंही.

आता कागदाच्या जागी लोखंडी पत्रा आहे असं समजा, आणि संत्र्याच्या जागी एखाद्या जुन्या मोटारीचं गरगरीत मडगार्ड. ते गंजून पार चाळण झालेलं आहे. गाडी बनवणारी कंपनी कधीच बंद पडली. जगाच्या बाजारात कुठेही तो भाग मिळत नाही. मग काय करायचं? गाडी भंगारात घालायची?

थांबा. अशा वेळी कामाला येतात ती हातोडी आणि मोगरी घेऊन बसलेली माणसं. त्यांच्याकडे जायचं तर आधी आपण सांगली जिल्ह्यात जाऊ.

कडेगाव तालुक्यात देवराष्ट्रे नावाचं गाव आहे. यशवंतराव चव्हाणांचा जन्म तिथला, १९१३ सालचा. हे तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचलं असेल. पण २०२१ च्या डिसेंबरात हे गाव सगळ्या देशात गाजलं, ते एका चिमुकल्या जीपमुळे. दत्तात्रय लोहार यांनी ती आपल्या हातांनी बनवली होती. शिक्षण फारसं नाही, घरची परिस्थिती बेताची. पण मुलाने गाडीचा हट्ट धरला! शोरूममधली गाडी परवडणारी नव्हती, मग त्यांनी घरीच घडवायला घेतली. इंजिन दुचाकीचं, चाकं रिक्षाची, बाकी बरंचसं भंगारातून जमवलेलं. खर्च सुमारे ६० हजार रुपये. आणि ही जीप सुरू कशी व्हायची माहीत आहे? मोटारसायकलसारखी किक मारून! स्टिअरिंग होतं डाव्या बाजूला.

या जीपची चित्रफीत उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी पाहिली. पुढची जाळी बघताच त्यांना ओळख पटली असणार, कारण ती त्यांच्याच कंपनीच्या जीपसारखी होती. त्यांनी कौतुक केलं, पण एक खरी गोष्टही सांगितली. अशी गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या अधिकारी ती रस्त्यावर चालवू देणार नाहीत. म्हणून त्यांनी एक देवघेव सुचवली. तुमची जीप आम्हाला द्या, त्या बदल्यात नवी कोरी बोलेरो घ्या.

तुम्ही असता तर काय केलं असतं? ‘लगेच हो म्हटलं असतं!’ असं तुमच्यातले निम्मे तरी ओरडले असतील. लोहार कुटुंबाला मात्र ते लगेच जमलं नाही. जीप म्हणजे त्यांच्या घरची लक्ष्मी, ती द्यायची कशी? तुम्हाला हवी तर अशीच दुसरी बनवून देतो, असंही लोहारांचं म्हणणं होतं. मला ते फार आवडलं. ज्याने वस्तू स्वतः घडवली तोच असं म्हणू शकतो. शेवटी २०२२ च्या जानेवारीत अदलाबदल झाली. जीपची पूजा झाली आणि ती महिंद्रांच्या संग्रहात गेली. चेन्नईजवळ त्यांचं संशोधन केंद्र आहे, तिथल्या गाड्यांमध्ये तिला जागा मिळाली.

त्या जाळीवरून आठवलं. जीपच्या जाळीची कथा ऐकण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, अमेरिकेत विलीज कंपनीच्या पहिल्या जीपगाड्यांची जाळी चक्क लोखंडी पट्ट्या वेल्डिंगने जोडून केलेली असायची. आपल्या खिडकीचे गज जोडतात ना, तशी! तिला वेळ लागे, वजनही जास्त. मग फोर्ड कंपनीने युक्ती काढली. एकच पत्रा घ्यायचा आणि छापाने दाबून त्यात नऊ उभ्या फटी पाडायच्या. काम हलकं, स्वस्त आणि झटपट. युद्धानंतर साध्या लोकांसाठी जीप निघाली तेव्हा हेडलाइट मोठे झाले आणि फटी उरल्या सात. आणखी एक पाहा. जीपचं सगळं अंग सपाट. मडगार्ड सपाट, दारं सपाट, पाठ सपाट. म्हणजे ती पेल्याच्या जातीची, संत्र्याच्या नाही. म्हणूनच गावच्या फॅब्रिकेशनच्या दुकानातसुद्धा तिचा पत्रा वाकवता येतो.

पण सांगलीजवळच्या काकडवाडीचे अशोक आवटी यांनी निवडलं होतं अवघड गणित. शेतीची अवजारं दुरुस्त करणारा हा माणूस. त्यांनी १९३० सालच्या फोर्डसारखी दिसणारी गाडी बनवली, तीही साधारण ३० हजारांत. त्या काळच्या फोर्डची मडगार्डं जुन्या सिनेमात पाहिली असतील. चाकावरून ऐटीत उतरत, लाटेसारखी वळत पायरीपर्यंत येणारी. हे झालं संत्र्याच्या जातीचं काम!

तर मग सपाट पत्रा गोल होतो तरी कसा?

याचं उत्तर तुमच्या आईला, आजीला ठाऊक आहे. गणेशचतुर्थीला मोदक करताना नीट बघा. उकडीचा गोळा घेऊन ती अंगठ्याने मध्ये दाबत दाबत पारी करते. मधला भाग ताणला जातो, पातळ होतो आणि वाटीसारखा खोलगट होतो. ही पहिली रीत, ताणण्याची. मग ती कडेला चिमटीने कळ्या पाडते, कुणी त्यांना मुखऱ्या म्हणतात. कळ्या पाडल्या की कड गोळा होते आणि पारी आत वळते. ही दुसरी रीत, आवळण्याची. पत्र्याचा कारागीर नेमकं हेच करतो. मध्ये ताणतो, कडेला आवळतो. फरक एवढाच, की मोदकाच्या कळ्या दिसायला हव्यात, जितक्या जास्त तितकी सुगरण मोठी. पत्र्याच्या कळ्या मात्र दिसता कामा नयेत. त्या ठोकून ठोकून पत्र्यातच जिरवायच्या. तिथे कड थोडी जाड होते, पण डोळ्याला कळत नाही.

ताणण्यासाठी लागते वाळू भरलेली चामड्याची पिशवी, नाहीतर मध्ये खळगा केलेला लाकडाचा ओंडका. त्यावर पत्रा ठेवून गोल तोंडाच्या मोगरीने ठोके घालायचे. सुरुवातीला पत्रा अगदी विद्रूप दिसतो. जणू कुणी त्यावर अक्रोड फोडलेत! नवशिक्याचा धीर इथेच सुटतो. मग कारागीर एका हातात पोलादाचा गुळगुळीत ठोकळा घेतो. त्याला गॅरेजात डॉली म्हणतात. डॉली पत्र्याच्या आतून धरायची आणि वरून चपट्या हातोडीने हलके, जवळजवळ ठोके घालायचे. उंचवटे बसतात, खळगे वर येतात. परदेशात या कामाला दोन चाकांचं यंत्र असतं, त्याला इंग्लिश व्हील म्हणतात. दोन चाकांच्या मधून पत्रा पुढे-मागे फिरवत राहायचं, जसा रसवंतीतल्या चरकातून ऊस जातो तसा. आपल्याकडे बरेचसे कारागीर ते हातानेच करतात.

पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. तिथले तांबट बंबावर, घागरीवर बारीक बारीक ठोके घालतात, त्याला मठारणं म्हणतात. ते केवळ नक्षीसाठी नसतं बरं का! ठोक्यांनी धातू कडक होतो, भांड्याला चटकन पोचा पडत नाही. पत्र्याचंही तसंच. एक जुनी तार घेऊन तीच जागा आठ-दहा वेळा वाकवून पाहा. आधी मऊ वाटते, मग ताठर होते आणि शेवटी कटकन तुटते. पत्रा ठोकताना तो असाच हट्टी होत जातो. अनुभवी माणसाला ते हातोडीच्या आवाजावरून कळतं. मग तो भाग तापवून लाल करायचा आणि आपला आपण निवू द्यायचा, की स्वारी पुन्हा मऊ! ‘लोखंड तापलंय तोवर घाव घाला’ ही म्हण आपण ऐकतो, पण पत्र्याचं बहुतेक सगळं काम थंडच चालतं. तापवायचं ते रुसवा काढण्यापुरतं.

अ‍ॅल्युमिनियमची मात्र वेगळीच तऱ्हा. ते लाल न होताच वितळून जातं! ६६० अंशांना त्याचं पाणी होतं. मग पुरेसं तापलं हे ओळखायचं कसं? जुने कारागीर त्यावर साबण घासतात. साबणाचा डाग काळपट तपकिरी झाला, की ज्योत बाजूला. वड्यांसाठी पाक झाला की नाही हे आपल्या आया बोटांवर तार धरून बघतात ना, त्यातलाच हा प्रकार.

‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही,’ असं म्हणतात. पत्र्याच्या बाबतीत ही म्हण जपून वापरावी! कारण डॉलीवर पत्रा धरून जास्त ठोकलं, की तो ताणला जातो आणि त्याला आता मावायला जागाच उरत नाही. मग तो फुगतो. बिस्किटांच्या डब्याचं झाकण दाबलं की ‘टण्‌’ आणि सोडलं की पुन्हा ‘टण्‌’ वाजतं, तसा बॉनेटचा पत्रा वाजायला लागतो. सगळी मेहनत पाण्यात? नाही, त्यालाही औषध आहे. फुगलेल्या जागी रुपयाएवढा ठिपका गॅसच्या ज्योतीने लाल करायचा. तापलेली जागा पसरू बघते, पण भोवतालचा थंड पत्रा तिला पसरू देत नाही. मग ती जागच्या जागी जाड होते. लगेच हलके ठोके घालून ओला फडका फिरवायचा. निवताना तो ठिपका आकसतो आणि भोवतालचा पत्रा आत ओढून घेतो. आहे की नाही नामी? विज्ञानाच्या पुस्तकातलं ‘उष्णतेने प्रसरण, थंडीने आकुंचन’ इथे प्रत्यक्ष पोटापाण्याला लागलेलं दिसतं.

थोडा हिशोबही करून पाहू. पत्रा गेजवर मोजतात. आणि इथे मोठीच फसगत होते, कारण गेजचा आकडा वाढला की जाडी कमी होते! १८ गेज म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर, २० गेज म्हणजे ०.९ आणि २२ गेज त्याहूनही पातळ. बाजारात अख्खा पत्रा ८ बाय ४ फुटांचा मिळतो. १ चौरस मीटर, १ मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचं वजन ७.८५ किलो. मग ८ बाय ४ फुटी, १ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचं किती? करा गुणाकार. साधारण २३ किलो येतं का पाहा. जाड पत्रा घ्यावा तर वळता वळत नाही, पातळ घ्यावा तर वेल्डिंग करताना भोक पडतं. जुनी गाडी नीट करणारा माणूस मूळ पत्र्याची जाडी आधी मोजतो ती यासाठीच.

आणि खरं सांगू? ठोकण्याआधीच निम्मं काम झालेलं असतं. गंजलेल्या मडगार्डाचा उरलासुरला आकार पाहून पुठ्ठ्याचे फर्मे कापतात. इथे एवढी उंची, इथे एवढा गोलवा. डावं मडगार्ड पार गेलं असेल आणि उजवं शाबूत असेल तर? मग उजव्यावर कागद बसवायचा, खुणा करायच्या आणि कागद उलटा करायचा. आरशात दिसतं तसं डावं तयार! हे विसरून दोन उजवी मडगार्डं करून बसायचा धोका असतो. तुम्ही हसाल, पण हातमोजे विणताना तुमच्या आजीला विचारा.

आता घरातलं एक घमेलं घ्या आणि कडेवरून बोट फिरवा. कड गोल आणि जाड लागते ना? जुन्या मोटारींच्या मडगार्डांना अशीच गोल कड असायची. तिच्या पोटात तार घालून वरून पत्रा वळवलेला असे. त्यासाठी तारेच्या जाडीच्या सुमारे अडीचपट पत्रा जास्तीचा ठेवायचा. त्याने कड मजबूत होते आणि धुणाऱ्याचा हातही कापत नाही. जुन्या पत्र्याच्या ट्रंकेवर उठावाच्या रेघा असतात, त्याही नुसत्या शोभेच्या नाहीत. घरावरच्या पन्हळी पत्र्याला जी ताकद पन्हळींनी येते, तीच ट्रंकेला त्या रेघांनी येते.

पालकांपैकी कुणी म्हणेल, आता तर यंत्रं हे सगळं क्षणात करतात, मग एवढा खटाटोप कशाला? बरोबर आहे. साताऱ्याच्याच एमआयडीसीत महाराष्ट्र स्कूटर्सचा कारखाना होता. तिथे बजाजची ‘प्रिया’ बनायची. आता तिथे स्कूटर बनत नाहीत, पण तुमच्या आजोबांना ‘प्रिया’ नक्की आठवत असेल. तिला मोटारसायकलसारखा नळ्यांचा सांगाडा नव्हता. दाबून घडवलेला पत्रा हाच तिचा सांगाडा! ही कल्पना इटलीतल्या व्हेस्पाची. १९४६ सालची ती स्कूटर ज्यांनी रेखाटली ते कोरादिनो दास्कानिओ मुळात विमानांचे अभियंता. प्रेसमध्ये वरखाली दोन पोलादी साचे असतात, मध्ये पत्रा सरकवला की एका दणक्यात तो आकार घेतो. पण ते साचे बनवायचा खर्च प्रचंड. लाखो गाड्या काढायच्या असतील तरच तो परवडतो. एकाच गाडीचं एकच मडगार्ड हवं असेल तर हाताला पर्याय नाही.

हा खर्चाचा डोंगर काय असतो ते इचलकरंजीकरांना विचारावं. सांगलीपासून इचलकरंजी काही लांब नाही. तिथल्या शंकरराव कुलकर्णींनी १९४९ साली दोन माणसांची छोटी मोटार बनवली होती. तिचं नाव ‘मीरा’. पुढे वर्षानुवर्षं ते नवनवे नमुने करत राहिले. सामान्य माणसाला परवडेल अशी मोटार लोकांना मिळावी ही त्यांची इच्छा. गाडी उभी राहिली, रस्त्यावर धावली, पण ती हजारोंनी काढणारा कारखाना काही उभा राहू शकला नाही. नॅनो यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

तसं पाहिलं तर या भागाला लोखंडाचं वेड जुनंच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. साताऱ्याकडे धनजीशा कूपर यांचा कारखाना १९२२ चा. दोन्हीकडे लोखंडी नांगर बनत. आज सातारा, सांगली, मिरज कुठेही जा, हमरस्त्याला डेंटिंग-पेंटिंगची पाटी दिसतेच. मात्र ‘भाग बदलून टाका’ असं म्हणणारे वाढलेत आणि सपाट पत्र्यातून भाग घडवू शकणारे हात कमी होत चाललेत. पोचा काढणं आणि नवं अंग घडवणं यात, शर्टाचं बटण लावणं आणि अख्खा शर्ट शिवणं एवढा फरक आहे. हा शर्ट शिवायला शिकायचा तर उस्तादाजवळ बसून काही वर्षं काढावी लागतात, आणि मुलाने तेवढी वर्षं तिथे घालवावीत असं किती आईवडिलांना वाटतं? आयटीआयमध्ये शीट मेटल वर्करचा अभ्यासक्रम असतो, हे मात्र दहावीच्या मुलामुलींनी जरूर ध्यानात ठेवावं.

तुम्ही अशा गॅरेजात बघायला गेलात तर लांबून बघा. पत्र्याची कापलेली कड ब्लेडसारखी असते. आणि वेल्डिंगच्या ज्योतीकडे उघड्या डोळ्यांनी मुळीच पाहायचं नाही!

जाता जाता एक जादू सांगतो. जुन्या गाडीला लोखंडाचाच पत्रा आहे, की पोचे नुसते पुट्टीने भरलेत, हे घरबसल्या ओळखता येतं. एक छोटा लोहचुंबक घ्या, रंगाला ओरखडा पडू नये म्हणून मऊ फडक्यात गुंडाळा आणि दारावरून, मडगार्डावरून हळूहळू फिरवा. जिथे पत्रा खरा, तिथे तो छान ओढला जाईल. जिथे पुट्टीचा जाड थर, तिथे तो घसरून पडेल. हां, बंपर बहुतेक प्लास्टिकचा असतो, त्याचा निकाल धरायचा नाही. आणि काकांनी नुकतीच घेतलेली जुनी गाडी तपासणार असाल, तर आधी त्यांचा चहा होऊ द्या.